‘ती आधीच का नाही पळाली?’ : एका कादंबरीतून संशोधनप्रश्नापर्यंत

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. ‘हा विषय तुम्हाला सुचला कसा?’ बहुतेक जण ‘लिटरेचर रिव्ह्यू करताना गॅप सापडली’ असं ठरलेलं उत्तर देतात, आणि समोरच्या पॅनेललाही ते ठरलेलं आहे हे माहीत असतं. खरं तर विषय कुठेही सापडू शकतो. बसमध्ये, भांडणात, अगदी रात्री झोप येत नाही म्हणून हातात घेतलेल्या कादंबरीतसुद्धा. अडचण असते ती पुढे. कादंबरी वाचून मनात जो प्रश्न उठतो तो जसाच्या तसा सिनॉप्सिसमध्ये टाकता येत नाही. तो आधी सोलावा लागतो. आज ते सोलणं कसं करायचं ते एका उदाहरणावर बघू. उदाहरण जरा काळोखं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

फ्रेड डी’अग्वियार यांची ‘चिल्ड्रन ऑफ पॅरडाइज’ ही 2014 सालची इंग्रजी कादंबरी. गयानाच्या जंगलात एक अमेरिकन धर्मोपदेशक हजारेक अनुयायांना घेऊन वसाहत थाटतो. तिथे जॉइस नावाची आई आणि ट्रिना नावाची तिची लहान मुलगी आहे. वसाहतीत पिंजऱ्यात एक गोरिला ठेवलाय. सुरुवातीलाच ट्रिना पिंजऱ्याच्या फार जवळ जाते, गोरिला तिला पकडतो, आणि सगळ्यांना वाटतं पोरगी गेली. मग उपदेशक सगळ्यांसमक्ष तिला ‘जिवंत’ करतो. त्या क्षणापासून ती पोर तिच्या आईची राहत नाही, त्याच्या चमत्काराचा पुरावा होते. पुढे जॉइस तिला घेऊन पळायचं ठरवते. शेवट सांगत नाही, वाचा.

ही गोष्ट ज्यावर बेतली आहे ती घटना खरी आहे. जिम जोन्स आणि त्याचं ‘पीपल्स टेंपल’, गयानातलं जोन्सटाउन, 18 नोव्हेंबर 1978. एका दिवसात 918 माणसं मेली. त्यातली 909 वसाहतीत, पाच जवळच्या पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर गोळीबारात (त्यात अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन होते) आणि चार राजधानी जॉर्जटाउनमधल्या संस्थेच्या घरात. वसाहतीत बहुतेकांचा जीव सायनाइड घातलेल्या सरबताने गेला. मेलेल्यांत तीनशेहून अधिक मुलं होती आणि त्यांना आधी पाजलं गेलं. म्हणून ‘सामूहिक आत्महत्या’ हा शब्द वापरताना थांबा. सहा महिन्यांचं बाळ आत्महत्या करत नाही. शब्द निवडला की अर्धा निष्कर्ष तिथेच निघालेला असतो.

(जाता जाता : जोन्सटाउनमध्ये गोरिला नव्हता, ‘मिस्टर मग्ज’ नावाचा चिंपांझी होता. कादंबरीकाराला असे बदल करायची मुभा आहे. तुम्हाला नाही. कादंबरीतून प्रश्न घ्या, तथ्य घेऊ नका.)

प्रश्नाच्या पोटात लपलेली गृहीतकं

अशी कादंबरी किंवा डॉक्युमेंटरी बघून झाली की पहिला प्रश्न बहुतेकांच्या तोंडून एकच निघतो : ‘अरे, पण ती आधीच का नाही पळाली?’ प्रश्न साधा वाटतो. त्याच्या पोटात काय काय आहे बघा. दार उघडं होतं, हे आपण धरून चाललोय. तिला जायचं होतं, किंवा जावंसं वाटायला हवं होतं, हेही. ती एकटी निर्णय घेऊ शकत होती, हेही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, राहिली याचं स्पष्टीकरण तिच्या डोक्यात शोधायचं, तिच्या भोवतालात नाही, हेसुद्धा आपण न बोलता ठरवून टाकलं.

आता भोवताल बघू. जोन्सटाउन गयानाच्या वायव्य टोकाला, जॉर्जटाउनपासून सुमारे 240 किलोमीटरवर, दाट जंगलात. बाहेर जायचं तर पोर्ट कैतुमाची छोटी धावपट्टी, नाहीतर नदी. पासपोर्ट संस्थेच्या ताब्यात. घरी जाणारी-येणारी पत्रं आधी वाचली जायची. मालमत्ता, पेन्शनचे चेक हे बहुतेकांनी आधीच संस्थेला देऊन टाकलेले, म्हणजे अमेरिकेत परतून उभं राहायला हातात काही नाही. बंदूकधारी पहारा. लाउडस्पीकरवर जोन्सचा आवाज तासन् तास. आणि मुलं बराचसा काळ आई-बापांपासून वेगळी, सामूहिक देखभालीत.

हा शेवटचा मुद्दा आईच्या बाबतीत सगळं गणित बदलतो. एकट्या माणसाला फक्त स्वतःला बाहेर काढायचं असतं. आईला आधी मूल ‘मिळवावं’ लागतं, मग ते गप्प ठेवावं लागतं, मग उचलून चालावं लागतं. आणि आपल्याच घरातला कोणी आपलं नाव सांगणार नाही याची खात्री नसते, कारण एकमेकांच्या चुगल्या करणं तिथे निष्ठेचं लक्षण मानलं जायचं.

म्हणून सोललेला प्रश्न असा होतो : ‘कोणत्या परिस्थितीत बाहेर पडण्याची किंमत किती असते, आणि ती कोणाला जास्त पडते?’ हा प्रश्न मोजता येतो. दोन गटांची तुलना करता येते. आणि उत्तर ‘तिच्यात काहीतरी कमी होतं’ असं आधीच ठरलेलं नसतं.

17 नोव्हेंबरची संध्याकाळ : समजा तुम्ही सर्व्हे घेतला असता

आता एक विचारप्रयोग करू. मला स्वतःला हा भाग पद्धतिशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेला.

लिओ रायन पत्रकार आणि काही नातेवाइकांना घेऊन 17 नोव्हेंबर 1978 ला संध्याकाळी जोन्सटाउनला पोचले. तक्रारी आल्या होत्या की तिथे लोकांना डांबून ठेवलंय. रात्री मंडपात जेवण झालं, गाणी झाली. रायन बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की इथल्या काही लोकांना ही आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते असं दिसतंय. त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, थांबेचना.

समजा त्या क्षणी तुम्ही पाच बिंदूंच्या लिकर्ट स्केलची प्रश्नावली वाटली असती. ‘मी इथे समाधानी आहे : पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत.’ निकाल काय आला असता ते वेगळं सांगायला नको. क्रोनबाख अल्फासुद्धा झकास आला असता.

त्याच रात्री एका तरुणाने पत्रकाराच्या हातात चिठ्ठी सरकवली : आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी एकेक करत पंधराच्या आसपास लोक रायनसोबत निघायला तयार झाले. आता उत्साही विद्यार्थी लगेच भागाकार करेल : हजारातले पंधरा, म्हणजे दीड टक्का असमाधानी, बाकी सगळे खूश.

पण त्याच 18 तारखेच्या सकाळी, रायनची तुकडी तिथेच असताना, अकरा माणसं कोणालाही न सांगता जंगलात शिरली होती. पिकनिकला जातोय असं दाखवून. त्यात लेस्ली वॅग्नर-विल्सन ही वीस-एकवीस वर्षांची आई होती. जवळजवळ तीन वर्षांचा मुलगा तिने पाठीला बांधला होता. रेल्वेच्या रुळांच्या कडेने सुमारे तीस मैल चालत ही माणसं मॅथ्यूज रिज या गावी पोचली. तिची आई, भाऊ, बहीण मागे राहिले आणि मेले. तिचा नवरा जोन्सच्या सुरक्षा पथकात होता, तोही मेला. पुढे तिने हा सगळा अनुभव ‘स्लेव्हरी ऑफ फेथ’ या पुस्तकात लिहिला.

आता सांगा, ही बाई तुमच्या आकडेवारीत कुठे बसली असती? ती रायनकडे गेली नाही. म्हणजे तुमच्या तक्त्यात ती ‘समाधानी’ या रकान्यात. जिची निघायची तयारी सगळ्यात पक्की होती, तीच तुमच्या मोजमापाला सगळ्यात कमी दिसली. आणि असं योगायोगाने होत नाही. ज्याला पकडलं जाण्याची किंमत सगळ्यात जास्त, तो आपलं मत सगळ्यात जास्त लपवणार. मोजमापातली चूक इथे सगळीकडे सारखी पसरलेली नाही. जिथे आपल्याला सगळ्यात जास्त बघायचंय, नेमकी तिथेच ती दाट आहे.

टिमुर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने याला ‘प्रेफरन्स फॉल्सिफिकेशन’ म्हटलंय. त्याचं ‘प्रायव्हेट ट्रुथ्स, पब्लिक लाइज’ हे 1995 चं पुस्तक. मराठीत आपण ‘पसंतीचा मुखवटा’ म्हणू. मनातलं एक, चारचौघांत दुसरं. प्रत्येक जण असं वागला की प्रत्येकाला वाटतं, शंका फक्त मलाच आहे, बाकी सगळे पक्के आहेत. जोन्सटाउनमध्ये ‘व्हाइट नाइट’ नावाने आणीबाणीच्या रात्री होत. त्यातल्या काहींमध्ये विष म्हणून काहीतरी प्यायला लावून नंतर ही परीक्षा होती असं सांगितलं गेलं. अशा रात्री कोण कचरतो हे सगळ्यांना दिसतं. कचरणाऱ्यालाही कळतं की आपण दिसलो. पुढच्या वेळी तो कचरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही श्रद्धा वाढल्यासारखी दिसते.

शेवटच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे, साधारण पाऊण तासाची. एफबीआयच्या संग्रहात तिचा क्रमांक क्यू 042. तिच्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक वयस्क स्त्री उभी राहून विरोध करते. दुसरा मार्ग नाही का, मुलांना जगायचा हक्क नाही का, असं ती विचारते, आणि बाकीचे लोक तिला गप्प बसवतात. मी ही फीत शोधा असं सुचवत नाहीये. शेवटी शेवटी मुलांचे आवाज येतात. अभ्यासाला लिखित प्रत पुरते.

अंश दिसतो, छेद दिसत नाही

मी विज्ञान शाखेचा असल्यामुळे मला लगेच छेद शोधायची खोड आहे. पंथांवरच्या कादंबऱ्या, मालिका, बातम्या आपल्याला नेहमी अंश दाखवतात : जे अडकले ते. किती जण दारापर्यंत येऊन परत गेले हा आकडा कोणी देत नाही.

हा छेद शोधायचं काम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आयलीन बार्कर यांनी केलं. विषय होता सन म्युंग मून यांचं युनिफिकेशन चर्च, ज्यांच्या अनुयायांना लोक ‘मूनी’ म्हणत. 1970 च्या दशकात वातावरण असं होतं की मूनींच्या शिबिराला गेलेला तरुण ब्रेनवॉश होऊनच परततो, किंवा परततच नाही. बार्करबाईंनी काय केलं, तर 1979 साली लंडन परिसरात शिबिराला आलेल्या सुमारे हजार जणांचं पुढे काय झालं याचा माग काढला. त्यातले दहातले नऊ जण चर्चमध्ये गेलेच नाहीत. जे गेले त्यातलेही बरेचसे दोनेक वर्षांत बाहेर पडले. कोणी डांबलं नाही, कोणी सोडवलं नाही, आपले आपण बाहेर पडले. त्यांचं ‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ हे पुस्तक 1984 चं. सदस्य नसलेल्या, त्याच वयाच्या तरुणांचा तुलनागटही त्यांनी घेतला होता. आजही या क्षेत्रात इतकं नीटस काम कमी दिसतं.

याचा अर्थ ‘पंथ निरुपद्रवी असतात’ असा नाही. काही जण बार्करबाईंचं नाव घेऊन तसं म्हणतात, आणि तो आळस आहे. लंडनच्या शिबिरातून संध्याकाळी बस पकडून घरी जाता येत होतं. जोन्सटाउनमधून नाही. दोन्हीकडे उपदेश होता, गाणी होती, आपुलकीचा वर्षाव होता. फरक होता तो बाहेर पडण्याच्या किमतीत. एकाच चलाची दोन टोकाची मूल्यं तुम्हाला आयती मिळतात, म्हणून ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून वाचा.

‘ब्रेनवॉश’ हे उत्तर आहे की लेबल?

ती का राहिली? कारण तिचं ब्रेनवॉश झालं होतं. ब्रेनवॉश झालं होतं हे कशावरून? ती राहिली ना!

हे वर्तुळ तुम्हाला इथे स्पष्ट दिसेल, पण स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये दिसणार नाही. म्हणून एक सवय लावा. तुमच्या स्पष्टीकरणाला विचारा : तू खोटं ठरशील असं काय घडायला हवं? काहीच घडू शकत नसेल, तर ते स्पष्टीकरण नाही, नामकरण आहे.

या कल्पनेमागचं गंभीर काम रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाचं. चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या चाळीस जणांच्या त्यांनी 1950 च्या दशकात हाँगकाँगमध्ये मुलाखती घेतल्या, पंचवीस पाश्चात्त्य आणि पंधरा चिनी. 1961 च्या पुस्तकात त्यांनी अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली : माहितीवर ताबा, कबुलीजबाबाची सक्ती, भाषेचं घट्ट साच्यात बसवणं वगैरे. लक्षात घ्या, ही लक्षणं वातावरणाची आहेत, माणसाच्या मेंदूची नाहीत. आणि ज्यांच्यावर हा प्रयोग तुरुंगात झाला त्यांच्यातही, बाहेर आल्यावर, फार थोड्यांमध्ये तो बदल टिकला. लोकप्रिय लेखनात नेमकी हीच गोष्ट गळून पडते.

पुढे हा वाद अमेरिकन कोर्टांपर्यंत गेला. 1987 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या एका मंडळाने पंथांच्या ‘फसव्या आणि अप्रत्यक्ष’ मनवळवणीवरचा, मार्गारेट सिंगर यांच्या गटाने लिहिलेला अहवाल शास्त्रीय काटेकोरपणा नाही म्हणून स्वीकारला नाही. दोन्ही बाजू अजून भांडतायत, त्यात आपण पडायला नको.

मला जास्त उपयोगी वाटते ती जान्या लालिच यांची ‘बाउंडेड चॉइस’ ही मांडणी, 2004 ची. अर्थशास्त्रातल्या हर्बर्ट सायमनच्या ‘मर्यादित विवेका’वरून हे नाव आलंय. माणूस आत असताना निर्णय घेतोच, आणि आतल्या चौकटीत ते निर्णय सुसंगतही असतात. फक्त पर्यायांची यादीच इतकी आवळलेली असते की ‘बाहेर पडणं’ हा पर्याय म्हणून समोर येतच नाही. तो येतो तो विश्वासघात म्हणून, पाप म्हणून, मुलाला नरकात ढकलणं म्हणून. लालिच स्वतः दहाएक वर्षं एका कट्टर डाव्या संघटनेत होत्या. त्यांच्या पुस्तकात ती संघटना आणि ‘हेवन्स गेट’ हा धार्मिक पंथ यांची तुलना आहे. म्हणजे देव असलाच पाहिजे अशीही अट नाही.

वाचलेले लोक हा नमुना नसतो

जोन्सटाउनबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं वाचलेल्यांकडून आलंय. पण वाचले कोण?

काही जण महिने-वर्षं आधीच बाहेर पडले होते. डेबोरा लेटन मे 1978 मध्ये जॉर्जटाउनहून अमेरिकन दूतावासाच्या मदतीने निसटल्या आणि जूनमध्ये प्रतिज्ञापत्र लिहून धोक्याची सूचना दिली. त्या निसटू शकल्या यात त्या त्या वेळी राजधानीत होत्या याचा मोठा वाटा होता. त्यांची आई तेव्हा वसाहतीतच होती. काही जण त्या दिवशी पायी निघाले, ते आपण पाहिलंच. आणि गयानात वाचलेल्यांतले बहुतेक जण? ते त्या दिवशी जॉर्जटाउनमध्ये होते, इतकंच. बास्केटबॉलचा संघ तिकडे गेला होता, त्यात जोन्सची स्वतःची मुलंही होती. ते शंकेखोर होते म्हणून वाचले नाहीत, सामना होता म्हणून वाचले. वसाहतीत एक म्हातारी बाई आपल्या खोलीतच राहिली आणि सकाळी उठून बघते तर आजूबाजूला कोणी जिवंत नाही.

तीन प्रकारची माणसं, तीन प्रकारची साक्ष. आधी बाहेर पडलेल्यांच्या साक्षीत राग आणि सावधगिरी जास्त. योगायोगाने वाचलेल्यांच्या साक्षीत तिथल्या चांगल्या दिवसांच्या आठवणीही येतात : शेती, संगीत, काळे-गोरे एकत्र राहण्याचं स्वप्न. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. टेंपलमधले बहुसंख्य लोक आफ्रिकन-अमेरिकन होते आणि 1960-70 च्या अमेरिकेत वंशभेदाला नकार देणारी जागा म्हणून ते तिथे आले होते. ‘मूर्ख लोक एका वेड्याच्या नादी लागले’ या वाक्यात हा सगळा इतिहास पुसला जातो.

समाजशास्त्रातले काही अभ्यासक म्हणतात, बाहेर पडलेल्यांची साक्ष कडवट असते, तिच्यावर विसंबू नका. मला हे पटत नाही. आत असलेल्यांची साक्ष भीतीने वाकलेली असते, ती कशी चालते मग? दोन्ही वाकलेल्या आहेत. कोणत्या दिशेने वाकल्या आहेत हे समजून घेणं हेच काम. एखादी साक्ष टाकून देणं सोपं, ती वजन करून घेणं अवघड.

निरीक्षकच भाविक झाला तर

मानसशास्त्रातून आलेल्यांना लिऑन फेस्टिंगर, रीकेन आणि शॅक्टर यांचं ‘व्हेन प्रोफेसी फेल्स’ (1956) माहीत असेल. शिकागोजवळच्या डोरोथी मार्टिन यांना परग्रहावरून संदेश येत होते की 21 डिसेंबर 1954 ला प्रलय येणार. संशोधकांनी आपली माणसं भाविक म्हणून त्या छोट्या गटात घुसवली. प्रलय आला नाही. पुस्तकाचा दावा असा की भाकीत फसल्यावर गट फुटला नाही, उलट जोमाने प्रचाराला लागला. ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’चं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण.

आता घोळ बघा. आत शिरायला निरीक्षकांनी स्वतःला पडलेली स्वप्नं, आलेले अनुभव रचून सांगितले, आणि गटाने त्यांनाच दैवी खूण मानलं. मूठभर लोकांच्या गटात एकामागून एक नवे, सुशिक्षित ‘भाविक’ आले तर त्या गटाला काय वाटेल? लेखकांनी पुस्तकातच हे काही प्रमाणात मान्य केलंय. 2025 मध्ये थॉमस केली या अभ्यासकाने जुनी अभिलेखागारातली कागदपत्रं तपासून आणखी पुढे जाऊन मांडलं की संशोधकांचा हस्तक्षेप पुस्तकात दाखवलाय त्याहून मोठा होता, आणि गटातल्या लोकांनी तो विश्वास लवकरच सोडला होता. सत्तर वर्षं वर्गावर्गांत शिकवलेलं उदाहरण! सिद्धांताला पुढे प्रयोगशाळेतला स्वतंत्र आधार मिळाला, तो वेगळा विषय. पण ‘सगळे सायटेशन देतात’ म्हणून मूळ पुस्तक न वाचता सायटेशन देऊ नका.

मुलाखतीतला एक शब्द

तुमच्यापैकी कोणी आपल्याकडच्या एखाद्या बंदिस्त गटावर काम करायचं ठरवलं, तर एक विनंती. जोन्सटाउनचा साचा उचलून गावच्या बुवावर चिकटवू नका. गट वेगळा, काळ वेगळा, भीती वेगळी. मात्र ‘बाहेर पडण्याची किंमत’ हे चल इथेही मोजता येतं, आणि त्यासाठी पंथच हवा असं नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो मुळात याच किमतीबद्दल आहे : पंचायतीचं ऐकलं नाही तर लग्नाला कोण येणार नाही, मयताला खांदा कोण देणार नाही. कायद्याचा मसुदा वाचा, बहिष्काराचे प्रकार तिथे एकेक करून दिलेत. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा तिथेच तयार मिळतो.

आणि मुलाखतीला बसाल तेव्हा ‘तुम्ही आधीच का नाही निघालात?’ हे वाक्य तोंडातून काढू नका. नीतिमत्ता समितीच्या फॉर्मपुरता हा मुद्दा नाही. तो प्रश्न विचारला की समोरची बाई सफाई द्यायला लागते, आणि सफाई हा वेगळा डेटा असतो. 17 तारखेला चिठ्ठी देणाऱ्या त्या तरुणाचा लहान मुलगा वसाहतीतच राहिला आणि मेला. त्याला ‘का’ विचारून तुम्हाला काय मिळणार आहे? त्याऐवजी ‘कसं’ विचारा. त्या दिवशी सकाळी काय काय झालं? मूल कोणापाशी होतं? किल्ली कोणाकडे असायची? बाहेरचं कोण ओळखीचं होतं? ‘कसं’च्या उत्तरात माणसं तपशील देतात, आणि तपशिलांतून किंमत मोजता येते. दोन-तीन मुलाखती झाल्या की मधे विश्रांतीचा दिवस ठेवा, स्वतःसाठीसुद्धा. गाइडला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘फील्डवर्क संथ चाललंय’ असा शेरा मिळेल.

ज्यांना हाताला लावून बघायचंय त्यांच्यासाठी : सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाकडे जोन्सटाउनचा मोठा डिजिटल संग्रह आहे, मोफत. एफबीआयने जप्त केलेल्या नऊशेहून अधिक ध्वनिफितींपैकी कित्येकांच्या लिखित प्रती, पत्रं, वाचलेल्यांचे लेख असं सगळं. हा संग्रह उभा केला रेबेका मूर आणि त्यांचे पती फील्डिंग मॅकगेही यांनी. मूर या धर्माच्या अभ्यासक. त्यांच्या दोन बहिणी आणि एक भाचा जोन्सटाउनमध्ये मेले, आणि दोन्ही बहिणी जोन्सच्या अगदी आतल्या वर्तुळातल्या होत्या. संशोधकाची स्वतःची जागा प्रबंधात कशी लिहायची, यावर तुम्ही कितीही वर्कशॉप केले असतील, तरी मूर यांचे लेख त्या नजरेने एकदा वाचा. त्या बहिणींना वाचवतही नाहीत, फेकूनही देत नाहीत.

संग्रहात मेलेल्यांची नावनिशीवार यादी आहे. नाव, वय, शक्य तिथे फोटो, आणि नातेवाइकांनी लिहिलेल्या आठवणी. चुका कळवल्या की दुरुस्त केल्या जातात, त्यामुळे हा डेटासेट अजून बदलतो. डाउनलोड केलात तर तारीख टिपून ठेवा. वयाच्या स्तंभावर साधा हिस्टोग्राम काढा, कोडची चारच ओळी लागतात. डावीकडचे पहिले काही स्तंभ उंच येतील. ती मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी ‘का नाही पळाली’ हा प्रश्न लागूच होत नाही, म्हणून विश्लेषणात त्यांचा गट वेगळा ठेवा.